साडेपाच तासांचा घोळ

"बहीण माझी बुधवारची, आणि तुम्ही तिला मंगळवारची करून टाकलीत!"

भोरच्या आमच्या वधू-वर केंद्रात शिरल्या शिरल्या तो भांडायलाच उभा राहिला. भोंगवलीचा अमृत. बहिणीची पत्रिका माझ्यासमोर नाचवत होता. चिडलेला माणूस इतका देखणा दिसू नये हो...

"कॉम्प्युटरनं केलंय ते," मी म्हटलं.

"मग दाखवा कॉम्प्युटर. पुण्यात हेच काम करतो मी."

चहा येईपर्यंत त्याला चूक सापडलीसुद्धा. आमचा प्रोग्राम जन्मवेळ जागतिक वेळेत साठवायचा, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पत्रिका काढताना ते तास परत मिळवायचे राहून जायचे. पहाटे जन्मलेलं माणूस थेट आदल्या दिवशी!

"सगळ्याच पत्रिका तपासाव्या लागतील. दर शनिवारी आलो तर — चालेल?"

"चहा घ्यावा लागेल पण."

"दोन घेईन."

शनिवारची वाट बघायला लागले मी, खोटं कशाला बोलू? केंद्र आईचं, आणि पत्रिकेपुढे आई कुणाचं ऐकत नाही. म्हणून एकदा हळूच आमचे दोघांचे गुण जुळवून बघितले. छत्तीसपैकी सत्तावीस! मी गालातल्या गालात हसले.

"मी मागच्याच शनिवारी बघितले," तो मागून म्हणाला.

इश्श! मेले मी लाजून.

"पण वैष्णवी... हे चुकीच्या वेळेवरचे आहेत. दुरुस्ती आज पूर्ण होतेय."

"आपल्या दोघांचं राहू दे ना तसंच. कुणाला कळतंय?"

"मला कळेल ना."

त्यानं बटण दाबलं. मी रोहिणीतून मृगात गेले आणि गुण अकरावर आले. "सत्तावीसचे अकरा!" मी ओरडलेच. वर बघते तर दारात आई!

"अकरा? अठराच्या खाली आपण ओळखसुद्धा करून देत न्हाई."

"ओळख झालीये, आई," मी म्हटलं, "आणि मला हाच पाहिजे."

आईनं माझ्याकडे बघितलंच नाही. अमृतला म्हणाली, "सत्तावीस ऱ्हायले असते की. कशापायी दुरुस्त केलं?"

"लोकांच्या पोरींच्या पत्रिका खऱ्या करायच्या, आणि आमच्या तेवढ्या खोट्या ठेवायच्या? न्हाई जमलं, काकू."

आई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"रविवारी आईला घेऊन या. पत्रिका आणू नका."