झाकलेल्या नावांचा निवाडा

"सख्ख्या बहिणीला मी लबाड ठरवलंय. आता तेवढं सिद्ध करून द्या," संपादक म्हणाला.

समोरच्या डिटेक्टिव्ह बाईंना सगळे चिमटाबाई म्हणत. त्यांच्यासोबत आलेला वकील अजून खुर्चीत टेकलाही नव्हता. संपादकाच्या मागे काचेच्या टाकीत रंगीत मासे फिरत होते.

प्रकरण असं होतं. त्याच्या मासिकाने इंटरनेटवरच्या दोन शोधयंत्रांची तुलना केली, एक जुनं, एक नवं. बहिणीने तेच शब्द दोन्हींत टाकले, उत्तरं छापली, यंत्रांची नावं झाकली. निवाडा केला संपादकाने, एकट्याने. जुनं यंत्र जवळपास प्रत्येक शब्दाला जिंकलं. मग कुणीतरी कुजबुजलं, बहिणीचा नवरा जुन्याच्याच कंपनीत नाही का? झालं! पठ्ठ्याने भर ऑफिसात तिला लबाड म्हणून घरी धाडलं.

चिमटाबाईंनी आधी नवऱ्याला बोलावलं.

"मी तिथलं कँटीन चालवतो हो," तो म्हणाला. "चहाचं काय ते विचारा."

मग बहीण आली. रडून डोळे सुजले होते.

"उत्तरं कुठे काढलीत?"

"जुन्याची दादाच्या कॉम्प्युटरवर, नव्याची कुणीच न वापरलेल्या कोऱ्या मशीनवर. मी म्हटलं होतं, दोन्ही कोऱ्यावरच काढू. दादा म्हणाला, नसते चोचले नकोत, दोन्हीकडे एकदम चालू दे आणि काम उरक."

चिमटाबाईंनी ते छापील कागद वकिलापुढे सरकवले. "निवडा."

'मासे' या शब्दाला एकीकडे टाकीतलं पाणी कसं बदलावं ते होतं, दुसरीकडे माशांचे प्रकार आणि बाजारभाव.

"टाकी धुवायला मी काय रिकामटेकडा आहे? मला भाव हवेत!" वकील म्हणाला. पुढेही बहुतेक ठिकाणी त्याने संपादकाच्या उलट कौल दिला.

"यांना काय कळतंय?" संपादक चिडला.

"साहेब, तुम्ही रोज कुठलं यंत्र वापरता?" चिमटाबाईंनी विचारलं.

"जुनंच, वर्षानुवर्षं. उघडलं की कोपऱ्यात माझा फोटो येतो."

"मग लबाडी कुणीच केलेली नाही," चिमटाबाई म्हणाल्या. "जुन्याला प्रश्न तुमच्या खात्यातून गेले आणि तुम्ही आजवर काय काय शोधलंत ते त्याला पाठ, म्हणून 'मासे' म्हणताच जुन्याने तुमच्या टाकीची उत्तरं दिली. नव्याला तुम्ही कोण, हे काय ठाऊक? यंत्रांची नावं झाकलीत, तुमचं उघडंच राहिलं. वर परीक्षकही तुम्हीच! दोघांनाही अनोळखी माणसाने विचारावं आणि निवाडा चार जणांनी करावा, तर ती तुलना. यातलं पहिलं तर ती मागतच होती."

"होय हो," वकील पुटपुटला. "वकील असून माझ्याही डोक्यात आलं नाही."

संपादकाचा चेहरा पडला. "तिने सांगितलं होतं. मीच तिला गप्प केलं. लाज वाटते मला."

"मला सांगून काय उपयोग? बाहेर सांगा," चिमटाबाई म्हणाल्या.

तो बाहेर ऑफिसात आला, मागोमाग बहीणही. सगळ्यांनी कामं थांबवली. त्याचे कान लाल झाले होते.

"त्या दिवशी माझा जरा गैरसमज..." तो अर्ध्यावरच बहिणीकडे वळला. "बाकीचं घरी बोलू या का?"

"नाही, दादा," ती म्हणाली. "मला लबाड म्हणालास, तेव्हा घरी जाईपर्यंत थांबला होतास?"

शरमेने त्याची मान वर होईना. खाली मान घालूनच तो सगळ्यांसमोर पहिल्यापासून सांगू लागला.