टबातलं कोमट पाणी

दिवा जरा अलीकडे सरकवा आणि मधे तोंड घालू नका. कुणी मधे बोललं की माझं टाळकं सटकतं.

समुद्राजवळच्या त्या सुट्टीच्या घराची राखण मी करतो. लोक बायकापोरं आणि कुत्री घेऊन येतात. माझा नियम एकच, पाय धुतल्याशिवाय कुत्रं आत जाणार नाही. मागच्या दारी टब, कोमट पाणी, खुंटीला टॉवेल. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून मी हातानंच बघतो. पंजा तळहातावर आला की बोटं आपोआप चालतात.

त्या दिवशी एक चष्मेवाला, त्याची बायको, सहा वर्षांची पोरगी आणि दोन कुत्री आली होती. कुत्र्यांची नावं मी ठेवली, ढेरपोट्या आणि झिपरी. चार वाजता सगळे वाळूवर गेले. मी पाणी तापवलं. तेवढ्यात समुद्राकडून धुकं आलं. इतकं दाट, की पुढ्यातला टब दिसेना. लाटांचा आवाजही कुणी घोंगडीखाली दाबल्यासारखा.

चष्मेवाला धापा टाकत आला. "काका, छकुली आली ना पुढे?"

"इथं कुणी आलं नाही."

"असं कसं? घरी पळते म्हणाली..."

"आणि तुम्ही सोडलीत? भरती चढतेय, डोकं आहे का जागेवर?"

कुत्र्यांचे पट्टे माझ्या हातात कोंबून तो वाळूकडे पळाला. तिकडे त्याची बायको हाका मारत होती. काही सुचेना म्हणून पाय धुवायला घेतले. ढेरपोट्याचे चार. वाळू. झिपरीचे चार. वाळूच, बोटांना खरखरणारी. दोघांना आत ढकललं, दार लावलं.

...आणि कोपराला ओलं नाक लागलं.

पंजा आपणहून माझ्या तळहातावर आला. मी चोळायला लागलो, तर बोटं घसरली. गुळगुळीत, चिकट चिखल. वास सडक्या अंड्यासारखा. असला चिखल वाळूवर कुठला? तो फक्त घरामागच्या खाडीत. आणि भरतीचं पाणी आधी खाडीत शिरतं!

हे तिसरं कुत्रं कुठलं, हा विचार नंतरचा. मी दोरी उचलली आणि बोंब ठोकली, "खाडीत! पोरगी खाडीत आहे!"

आणि पळालो. मी! हे असले गुडघे घेऊन! चष्मेवाला मागून आला, ठेचकाळत. धुक्यात दिसत काही नव्हतं, रडण्याच्या आवाजावर पोचलो. पोरगी छातीपर्यंत रुतलेली, पाणी गळ्याशी. तिचा बाप चिखलात पालथा पडला, तिच्या काखेतून दोरी घातली, आणि आम्ही दोघांनी ओढली. सुटली! अहो, मी नाचलो तिथं. लाज कसली?

पोरगी मात्र वळून पाण्याकडे बघत होती.

"आजोबा... ती नाही आली वर?"

"कोण ती?"

"मला खालून ढकलत होती ती मुलगी."

तिथं आता नुसतं पाणी होतं.

घरी आल्यावर चष्मेवाल्यानं माझे हात धरले. "काका, तुम्हाला कळलं कसं?"

"तुमच्या तिसऱ्या कुत्र्यानं सांगितलं."

"आमची दोनच आहेत, काका..."

टबाच्या तळाशी काळा गाळ तसाच होता.

ते गेले. माझा मुलगा म्हणतो, बाबा, सोडा ती नोकरी. सोडतोय कोण! आता धुकं आलं की मी पाणी तापवतो, घरात पाहुणे असोत नसोत. बसतो. कोपराला नाक लागतं आणि माझं काळीज लहान पोरासारखं उड्या मारतं.

काल पण आलं. चार पाय धुतले. टॉवेलसाठी उठणार, तोच माझ्या तळहातात पाचवा पाय पडला. छोटासा, गार, काळ्या चिखलानं माखलेला. त्याला केस नव्हते.

नियमाप्रमाणं मी तोही धुतला. आणि नियमाप्रमाणं दार उघडलं.