बॉनेटवरचा हात

सांगतो, पण मधे बोलू नका. एकदा थांबलो तर पुन्हा सुरू करायची माझी हिंमत होणार नाही.

गाडीच्या रंगाचं मला वेड होतं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. बायको म्हणायची, "माझ्याकडे इतकं निरखून कधी पाहिलंस का रे?" गाडी काळी. काळ्या रंगावर काही म्हणता काही लपत नाही. वर्षातून दोनदा मी ती घरीच पॉलिश करायचो. आधी धुणं, मग रबराच्या कडांना चिकटपट्टी, मग मशीनला स्पंज लावून ओरखडे घालवणारं कंपाउंड, आणि शेवटी चकाकी टिकवणारं कोटिंग. हे कोटिंग भारी नखरेल. लावल्यावर चार तास त्याला पाणी चालत नाही, धूळ चालत नाही, बोट तर नाहीच नाही.

त्या रविवारी सकाळी बॉनेटवर कोटिंगचा शेवटचा हात फिरवून मी मागे सरकलो, तोच शेजारच्या काकू फाटकातून आत आल्या. एका हाताने छाती धरलेली. दुसरा हात त्यांनी आधारासाठी बॉनेटवर टेकला.

"दम लागतोय रे... काका बाहेर गेलेत, फोन उचलत नाहीयेत. दवाखान्यात सोडतोस?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. हाताकडे पाहिलं.

"बॅटरी उतरलीय, काकू," मी म्हणालो. इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. "कोपऱ्यावर रिक्षा मिळेल."

"बरं, राहू दे." हात उचलून त्यांनी खाली वाकून पाहिलं. "डाग पडला का रे?"

त्या फाटकाबाहेर पडायच्या आत मी फडकं घेऊन तो ठसा पुसायला लागलो होतो.

काकू कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलेल्या सापडल्या. तोवर सगळं संपलं होतं. "शेजारी कुणाला हाक तरी मारायची होती तिने," काका पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंड उघडलं नाही.

तीन आठवड्यांनी एका पहाटे गाडीवर दव पडलं होतं. सगळं बॉनेट ओलं. फक्त तळहाताएवढी जागा कोरडी, आणि तिला पाच बोटं.

मी पुसलं. दुसऱ्या दिवशी ठसा तिथेच. कंपाउंड घासलं, मशीन फिरवलं. मशीन बंद केलं, की मागे एक आवाज उरायचा... कुणीतरी जिना चढून आल्यासारखा, धापांचा. कंपाउंडच्या वासात काकूंच्या बामाचा वास मिसळायचा. मग मी पॉलिश पेपर ओला करून रंगच घासून काढला. काळा थर गेला, त्याखालचा करडा प्रायमर गेला, उघडा पत्रा लागला. ठसा पत्र्यावर होता. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली. गारठ्याच्या सकाळी सगळा पत्रा बर्फासारखा, आणि तेवढी जागा कोमट.

"काय घासतोयस रे रोज?" मागून काका म्हणाले.

मी दचकलो. "डाग आहे, काका."

त्यांनी चष्मा चढवला, खाली वाकले. त्यांचं बोट त्या करंगळीपाशी येऊन थांबलं.

"लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात दारात चेमटली होती," ते म्हणाले. "मीच दार लावलं होतं." आणि माझ्याकडे बघत राहिले.

तेव्हा सांगितलं मी. पायाखालच्या फरशीकडे बघत, सगळं. गाडी चालू होती हे सांगितलं. ठसा पुसला हेही सांगितलं. काका ओरडले असते, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"गाडी काढ," शेवटी म्हणाले.

"कुठे... काका?"

"दवाखान्यात. तिला जायचं होतं ना?"

मी त्यांच्यासाठी पुढचं दार उघडलं, तर ते मागे जाऊन बसले. "मागे बसलं की तिला मळमळतं," एवढंच म्हणाले. ते दार मी तसंच लावून घेतलं.

गाडी फाटकाबाहेर पडली, आणि टुण टुण आवाज सुरू झाला. पुढच्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं, की माझी गाडी अशी वाजते. सीट रिकामी असली की गप्प असते. माझ्या शेजारची सीट रिकामी होती... असायला हवी होती. मी मान वळवून पाहिलं नाही.

"पट्टा लाव गं," मागून काका हळूच म्हणाले.

खट्. आवाज थांबला.

दोन सिग्नल गेले. "चुकलो हो, काकू," मी कसंबसं म्हणालो, समोर रस्त्याकडे बघत. थोड्या वेळाने शेजारची काच चार बोटं खाली उतरली आणि गार वारा आत येऊ लागला. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आणि काका मागे डोळे मिटून बसले होते.