सोळा नंबरचे लाल शेंडे

देवयानीचं काम सरळ होतं. विमानातून काढलेले पाइनच्या जंगलाचे फोटो न्यूझीलंडमधल्या अप्पर हटच्या ऑफिसात तपासायचे. रोगट झाडांचे शेंडे लाल दिसत. त्यांवर खूण करायची.

फेब्रुवारीत तिने कळवलं होतं, सोळा नंबरच्या ब्लॉकमधली झाडं वाळून उभी आहेत, आत कुणाला पाठवू नका. मॅनेजर संग्रामने रिपोर्टमध्ये ‘हेल्दी’ लिहिलं आणि पाहणीला पांढऱ्या दाढीच्या विरेमूला, जंगलातल्या जुन्या कामगाराला, एकट्याला धाडलं. वाळलेलं झाड अंगावर कोसळून तो जागीच गेला.

आता जून. सोळा नंबरचे आठ नवे फोटो आले. लाल शेंड्यांमधल्या मोकळ्या जागेत नारिंगी जॅकेटवाला माणूस उभा होता.

“असेल कुणी रानात भटकणारा ट्रॅम्पर,” संग्राम म्हणाला.

“विमान सेकंदाला साठ मीटर जातं. आठही फोटोंत हा बरोबर मधोमध आहे. माणूस एवढा पळतो?”

“अगं, कॅमेऱ्यात घोळ असेल. डिलीट कर ते. ब्लॉक हेल्दी दाखव, लंचपर्यंत पाठवायचंय.”

देवयानीची कानशिलं तापली. तिने फोटो मोठे केले. पहिल्यात नुसतं हेल्मेट. पाचव्यात कपाळ. आठव्यात वर वळलेला चेहरा, पांढरी दाढी.

विरेमू.

भीती वाटायला हवी होती. वाटला तो संताप. “त्याला तू मारलंस,” ती म्हणाली, आणि त्याच्यादेखत फेब्रुवारीतला आपला इशारा आणि त्याचा ‘हेल्दी’ रिपोर्ट सरकारी सेफ्टी इन्स्पेक्टरला पाठवून दिला.

संग्राम लालबुंद झाला. “कोण नाटकं करतंय ते मीच बघतो!” गाडीची किल्ली घेऊन तो सोळा नंबरकडे निघाला.

तीन वाजता त्याचा फोन आला. “गाडीतच बसलोय. इथे चिटपाखरू नाही. समजलं?”

त्याच वेळी विमानाची दुसरी फेरी चालू होती, नवे फोटो पडद्यावर उतरत होते. मोकळ्या जागेत संग्रामची गाडी. गाडीच्या दाराला टेकून नारिंगी जॅकेट.

सगळा राग गिळून ती ओरडली, “संग्राम, निघ तिथून! आत्ता!”

“पुरे झालं तुझं,” म्हणत त्याने फोन कट केला.

पुढच्या फोटोत जॅकेट नव्हतं.

संध्याकाळी शोधायला गेलेल्यांना गाडी सापडली. इंजिन चालू, काचा बंद, दारं आतून लॉक. संग्राम नव्हता. आसपास एकही झाड पडलेलं नव्हतं.

गाडीच्या आत, सीटवर, पाइनच्या लाल सुयांचा वीतभर थर साचला होता.