तिवरांतला निळा शर्ट

विश्वास ठेवा नाहीतर हसा. आमच्या बिल्डिंगमधल्या रचनाच्या घरात हे घडलंय आणि अजून मिटलेलं नाही.

गेल्या नोव्हेंबरातला रविवार. उन्हं कलली होती. वैतरणेच्या खाडीतलं एक छोटं बेट. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण तुमच्यातला एखादा शहाणा लगेच होडी शोधायला निघेल.

रचनाचा नवरा विघ्नेश असाच शहाणा. मूळचा साताऱ्याचा, आचोळ्यात फ्लॅट, आठवडाभर अंधेरीला नोकरी. रविवार आला की याच्या अंगात निसर्ग संचारायचा. धबधबे झाले, किल्ले झाले, आता बेट.

दोघांना होडीतून नेलं जिजाकाकूंनी. त्या काठावरच्या गावातल्या. थोडी भातशेती आणि ही होडी, एवढाच त्यांचा संसार. वाटेत त्या एकदाच बोलल्या.

"पुळनीवर फिरा. तिवरांत नका शिरू."

बेट सुंदर होतं, हे मान्य करायलाच हवं. पांढऱ्या वाळूची पुळण, केवड्याचं बन, फांद्या वाकतील इतके बगळे.

पण... आवाज नव्हता.

इतके बगळे आणि एकही ओरडत नव्हता. सगळ्यांच्या माना या दोघांकडे वळलेल्या.

"चल ना परत," रचना म्हणाली. विघ्नेशने हसण्यावारी नेलं आणि फोटो काढायला तिवरांच्या चिखलट झाडीत घुसला.

धप्पकन आवाज आला.

मग काहीच नाही...

रचना हाका मारून रडकुंडीला आली, तेव्हा कुठे तो बाहेर आला. पँट चिखलाने बरबटलेली. अंगात मात्र निळा शर्ट. कोरडा. इस्त्रीचा.

"चिखलात पडलो यार. हा आत फांदीवर टांगलेला होता. कुणी पिकनिकवाला विसरला असेल."

खाडीच्या मधोमध इस्त्रीचा शर्ट कोण विसरतं?

जिजाकाकू होडीपाशी उभ्या होत्या. शर्ट पाहिला आणि त्यांच्या हातातलं वल्हं गळून पडलं.

"माझ्या धनेशचा हाय तो!"

धनेश त्यांचा एकुलता एक मुलगा. खाडीत बुडाला, सापडलाच नाही. त्यांच्या घराण्याची रीत अशी, की न सापडलेल्याचा शर्ट दरवर्षी धुऊन, इस्त्री करून बेटावर टांगायचा. 'कपडे घाल आणि घरी ये' म्हणून हाक मारायची. त्यांनी तो आदल्याच दिवशी टांगला होता.

"काढ आधी तो!" रचना किंचाळली.

विघ्नेश बटणांशी झटू लागला. बोटं फिरत राहिली... बटण निघेना. रचनाने कॉलर धरून ओढली, तर तिच्या मनगटावरून गार, खारट पाणी ओघळलं.

विघ्नेशने तिला ढकललं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"आय," तो जिजाकाकूंना म्हणाला, "पानी चढतंय. चल घरी."

स्वतःच्या आईला तो मम्मी म्हणतो.

रचनाने काकूंचे पाय धरले. "माझा नवरा आहे हो तो. सोडवा त्याला!"

काकूंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आणि त्या हसत होत्या. रचनाला त्या हसण्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

"किती वरसं हाका मारल्या, बाय. आता मीच कशी सोडवू?"

त्यांनी वल्हं त्याच्या हातात दिलं. साधं पोहताही न येणाऱ्या विघ्नेशने होडी सराईतपणे काठाला लावली.

तिथून रचनाने त्याला कसंबसं ओढत आचोळ्याला आणलं. शर्ट घरी आल्यावर निघाला. रचनाने तो जाळला. डॉक्टर झाले, देवाधर्माचंही झालं. विघ्नेश ऑफिसला जायचा, पण घरी मुका. ताट पुढे केलं की सरकवून द्यायचा.

आणि परवाच्या रविवारी, दुपारी... तो घरातून गेला.

रचना थेट जिजाकाकूंच्या दारात पोहोचली. तो अंगणात बसून भात आणि सुकटीचं कालवण ओरपत होता. काकू शेजारी बसून वारा घालत होत्या.

"विघ्नेश, घरी चल रे," ती रडत म्हणाली.

त्याने घास गिळला. तिच्याकडे नीट पाहिलं. मग काकूंकडे वळून अगदी साधेपणाने विचारलं,

"आय, ही बाई कोन?"

रचना एकटीच परत आली. हल्ली तिच्या सोबतीला मी झोपायला जाते. आणि खरं सांगू? दार वाजलं, तर बाहेर विघ्नेश असेल की धनेश, कुणास ठाऊक; ते उघडायची हिंमत आम्हा दोघींत नाही.