संगमरवरातली होडी

पाऊस आला तेव्हा जिक्रा द पर्लच्या धक्क्यावरून एकटीच चालली होती. दोह्यातला फेब्रुवारीतला पाऊस — न सांगता येतो, सगळ्यांची धांदल उडवतो आणि पाहता पाहता पसारही होतो. छत्री कुणाकडेच नसते. ओढणी डोक्यावर घेऊन ती समोरच्या अर्धवट बांधलेल्या हॉटेलच्या पोर्चखाली पळाली... आणि जागच्या जागी थांबली.

पोर्चच्या कडेला एक लांबलचक ट्रेलर उभा होता. वाऱ्यानं त्याच्यावरची ताडपत्री उडाली होती. खाली एक दगड होता. एखाद्या मोटारीएवढा, पांढरा, एकसंध. पावसानं त्याच्यावरची धूळ धुऊन निघत होती आणि आतून राखाडी शिरा उमटत होत्या. जिक्रा जवळ गेली. तिनं तळहात दगडावर ठेवला. थंडगार. बोटांखाली तिरप्या, शेजारी शेजारी ओढलेल्या बारीक खाचा लागल्या.

"अगो... किती म्हातारी आहेस तू," ती पुटपुटली.

"म्हातारा," मागून आवाज आला. "दगड तो असतो."

तिनं दचकून वळून पाहिलं. पांढरं हेल्मेट, भिजलेला शर्ट, काखेत ड्रॉइंगची गुंडाळी. चेहरा साइटवरच्या माणसासारखा कडक ठेवायचा त्याचा प्रयत्न चालला होता, पण डोळे ऐकत नव्हते.

"शिळा ती असते," ती म्हणाली.

"असते," त्यानं मान्य केलं. "पण ती असो नाहीतर तो, हात लावायचा नाही. बोर्ड आहे तिथं."

"बोर्ड इंग्लिशमध्ये आहे. मी मराठीत हात लावला."

मग मात्र तो हसला. मुदस्सिर परकार त्याचं नाव. कोकणातल्या खेडकडचा. दोह्याजवळच्या मेसईदला मोठ्या भावाकडे राहायचा आणि या हॉटेलच्या दगडकामाचा इंजिनियर होता.

"म्हातारी कशावरून?" त्यानं विचारलं.

"या खाचा बघा ना. आता तारेच्या करवतीनं कापतात, बाजू गुळगुळीत निघते. ही छिन्नी आहे. हातानं मारलेली." तिनं एका खाचेवरून बोट फिरवलं. "इथे कुणीतरी हातोडा मारला. मग इथे. मग इथे... शंभर वर्षं तरी झाली असतील."

तो खाचांजवळ वाकला. दगडाकडे बघायला लागला. कितीतरी दिवस तो या दगडाचे कागद हाताळत होता — वजन सोळा टन, इटलीतल्या करारा गावच्या खाणीतून, जुना पडून राहिलेला ब्लॉक, लॉबीत कारंज्यासाठी बसवायचा. पण हातोडा उचलणारा हात काही त्या कागदात नव्हता.

"तुम्हाला हे कसं माहीत?"

"मी याच्यावरच पीएचडी करते," जिक्रा म्हणाली.

ते खरं होतं. जिक्रा मुकादम दोह्याच्या अल थुमामात लहानाची मोठी झाली. अब्बा गेल्यापासून अम्मी एका शाळेच्या ऑफिसात काम करून घर चालवायची. कॉलेजात इतिहास शिकताना एका तासाला प्राध्यापिकेनं एक जुना फोटो दाखवला होता. पांढऱ्या डोंगराच्या अंगावर मुंग्यांसारखी माणसं, आणि त्यांच्यामध्ये दोरांना बांधलेला एक प्रचंड दगड. तेव्हापासून त्या माणसांनी तिला सोडलं नव्हतं. ती इटालियन शिकली. ती माणसं काय खायची, कशी गायची, संप कसे करायची, त्यांच्या बायका कशाला घाबरायच्या, हे सगळं तिनं जुन्या कागदांतून आणि आवाजांच्या रेकॉर्डिंगमधून वेचलं. अम्मीला अजूनही वाटायचं, करारा म्हणजे पापडाचा काहीतरी प्रकार असावा.

पण त्या डोंगरातला दगड तिनं आजवर कधी हातानं शिवला नव्हता.

"उद्या येता का?" मुदस्सिरनं विचारलं. मग घाईघाईनं म्हणाला, "म्हणजे... साइटचा पास काढून देतो. हात लावायला रीतसर."

दुसऱ्या दिवशी ती आली. त्यानं तिला हेल्मेट दिलं. ते मोठं होतं, सारखं डोळ्यांवर यायचं, आणि दर वेळी ती ते मागे सारायची तेव्हा तो दुसरीकडे बघायचा. दगड आता हॉटेलच्या मागच्या यार्डात लाकडी ओंडक्यांवर उतरवला होता. जिक्रानं टॉर्च मागितला आणि प्रकाश दगडावर सरळ न मारता अगदी तिरपा धरला. खाचांच्या सावल्या लांब झाल्या. सगळा दगड एकदम जागा झाल्यासारखा वाटला.

"हे काय?" मुदस्सिर वाकला.

दोन मोठी, खोल अक्षरं होती. "खाणमालकाची," ती म्हणाली. "प्रत्येक मालक आपली अक्षरं कोरून घ्यायचा. पण हे..."

अक्षरांच्या खाली, कोपऱ्याशी, अगदी उथळ काहीतरी होतं. तिनं टॉर्च आणखी खाली नेला. दोघांची डोकी जवळ आली, हेल्मेटवर हेल्मेट आपटलं, पण दोघांनाही त्याचं भान नव्हतं.

होडी होती. तळहाताएवढी. एक डोलकाठी, एक शीड, खाली पाण्याच्या दोन रेघा.

जिक्रानं टॉर्च तसाच धरून ठेवला.

"खाणीतून समुद्र दिसतो तिकडे," जिक्रा हळूच म्हणाली. "डोंगरावर काम करायचे, खाली समुद्र. दुपारी भाकरी खायला बसला असेल कुणीतरी. हे मालकाचं नाही. हे त्याचं स्वतःचं आहे."

"आणि दगड शेवटी बोटीनंच आला," मुदस्सिर म्हणाला. "समुद्र ओलांडून. इथपर्यंत."

 तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचा हात होडीपासून वीतभर अलीकडे थांबला होता, लावायचं धाडस न होता.

मग रोजच ती येऊ लागली. कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत दोघं सावलीत बसायची. तो दुधाचा कडक, करक चहा आणायचा, ती सांगायची. यंत्रं यायच्या आधी दगड डोंगरावरून खाली कसे आणायचे ते. लाकडी ओंडक्यांवर दगड बांधायचा, ओंडक्यांखाली साबण लावलेल्या फळ्या घालायच्या, आणि वरून माणसं दोर इंच इंच सैल सोडणार. सगळ्यांचा मुकादम मात्र दगडाच्या पुढे उभा. खाली दरी, समोर दगड. तो ओरडून, जवळजवळ गाऊन, दोर सोडायला सांगायचा.

"दोर तुटला तर?"

"तर पहिला तोच."

"तरी पुढेच उभा राहायचा?"

"मागून दगडापुढची वाट दिसत नाही ना."

मुदस्सिर चहाचा कप हातात तसाच धरून बसला. मग तो म्हणाला, "माझे नाना चिरेखाणीवर होते. जांभा तोडायचे. आम्हाला त्यांच्या हाताच्या भेगाच तेवढ्या आठवतात... त्यांना कुणी काही विचारलंच नाही. तुमच्यासारखं."

"सांगा ना मग. जेवढं आठवतं तेवढं."

तो सांगत राहिला. सुट्टी संपल्याची शिट्टी झाली तरी कुणी उठलं नाही.

त्याच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. जिक्राला इटलीची फेलोशिप मिळाली. वर्षभर, थेट करारात. आणि मुदस्सिरनं सांगितलं की रविवारपासून दगडाचं पॉलिशिंग सुरू होणार.

"म्हणजे होडी?"

"हॉटेलच्या मालकांना पाचही बाजू आरशासारख्या हव्यात. दिसणारी प्रत्येक बाजू."

"तुम्ही बोला ना त्यांच्याशी."

तो बोलला. त्यानं फोटो दाखवले, तिनं लिहून दिलेलं पानभर टिपण दाखवलं. मालकांचा सल्लागार नम्रपणे हसला आणि म्हणाला, लॉबीत ओरखडे नकोत.

"ओरखडे?" जिक्राचा आवाज चढला नाही, पण डोळे भरले. "आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

मुदस्सिर काहीतरी बोलणार होता. मग थांबला. "बघतो," एवढंच म्हणाला.

"बघतो म्हणजे काय ते मला कळतं," ती म्हणाली. हेल्मेट त्याच्या हातात देऊन ती निघून गेली.

तो आठवडा वाईट गेला. व्हिसा, तिकीट, बॅगा — करायला ढीगभर होतं आणि कशातच लक्ष नव्हतं. वाचायला बसली की ग्राइंडरचा आवाज डोक्यात सुरू व्हायचा. होडीसाठी रडू येतंय की दुसऱ्या कशासाठी, ते तिला कळेना. मुदस्सिरचे दोन फोन आले, तिनं घेतले नाहीत. मग एक मेसेज आला. 'आज दगड बसवतोय. याल का?'

अम्मी भाजी निवडत होती. तिनं वर न बघताच विचारलं, "त्या दगडवाल्याचा?"

"तुला कसं कळलं?"

"दुसऱ्या कुणाच्या मेसेजाला तू असं तोंड करत नाहीस गो. जा."

जिक्रा पोचली तेव्हा लॉबीत वीसेक माणसं उभी होती. मधोमध, लोखंडी चौकटीला पट्ट्यांनी बांधलेला दगड अजून आडवाच होता. चार बाजू आणि माथा चकाकत होता. इतका की काचेच्या छतातलं आभाळ त्यात उतरलं होतं. तिला बघवेना. मुदस्सिरनं तिला लांबूनच पाहिलं आणि हातानं खूण केली — तिकडून या, पलीकडच्या बाजूनं.

ती वळसा घालून गेली.

ती बाजू खडबडीत होती. छिन्नीच्या खाचा तशाच, मालकाची अक्षरं तशीच, आणि कोपऱ्याशी होडी. कारंज्याच्या पाइपासाठी पाडलेलं भोक मुद्दाम पलीकडे घेतलेलं होतं. होडीपासून चांगलं हातभर लांब.

"पाच बाजू त्यांच्या," मुदस्सिर तिच्याशेजारी येऊन म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते, झोप नसल्यासारखे. "दगडाला सहा असतात. मी दगडाचं बूड बदललं, ही बाजू खाली घेतली. या बाजूला एक कच्ची शीर आहे, ती तळाशीच राहिलेली बरी, असं लिहून दिलं. खोटं नाही लिहिलं, शीर आहे. फक्त उचलण्याचं सगळं गणित नव्यानं करावं लागलं. मंजुरी काल मिळाली."

"मला सांगायचं तरी..."

"नसती मिळाली तर? तुम्हाला दोनदा वाईट वाटलं असतं."

 तिनं हात पुढे केला आणि होडीवर ठेवला. शेजारी, पहिल्यांदाच, त्यानंही बोटं टेकवली. शिडाच्या रेघेवर दोघांची बोटं एकमेकांना लागली आणि तिथंच राहिली... जितका वेळ वीस माणसांच्या देखत राहू शकतात तितका वेळ.

"आता मागे व्हा," तो हळूच म्हणाला.

ती खांबाशी जाऊन उभी राहिली. मुदस्सिर दगडाच्या पुढच्या अंगाला, सगळ्यांना दिसेल असा उभा राहिला. त्यानं हात वर केला. सगळी लॉबी गप्प झाली.

"यल्ला, चला," तो म्हणाला. "शुवय... हळू, शुवय..."

साखळ्या ताणल्या. सोळा टनांचा दगड हलला, कुरकुरला आणि श्वास घेतल्यासारखा वर आला. नेपाळी, बंगाली, आंध्रकडची माणसं पट्ट्यांवर डोळे लावून होती. "हळू... धीरे... डावीकडे अजून... शुवय, शुवय..." त्याचा आवाज लांबत चालला, शब्दांना हेल आला. तो बोलत नव्हता आता, जवळजवळ गात होता. आणि माणसं त्या हेलावर साखळी सोडत होती, बोट बोट.

जिक्राच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इतकी वर्षं तिनं जे वाचलं होतं, जीर्ण रेकॉर्डिंगच्या खरखरीतून कान देऊन ऐकलं होतं, ते तिच्या समोर घडत होतं. दगडाच्या पुढे उभा एक माणूस, आणि त्याच्या आवाजाला बांधलेला एक डोंगर. हे कधी संपलंच नव्हतं. फक्त ते आता इथं, तिच्या शहरात, तिच्या भाषेत चाललं होतं, आणि इतके दिवस तिला ते ऐकू आलं नव्हतं.

दगड कलंडला, सरळ झाला, खाली आला. होडी जमिनीकडे वळली आणि दिसेनाशी झाली. टेकताना फक्त एक हलका आवाज झाला. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मुदस्सिर हेल्मेट काढत तिच्यापाशी आला.

"खलास," तो म्हणाला. "आता हे हॉटेल आहे तोवर कुणाला दिसणार नाही."

"मी पुढच्या आठवड्यात जातेय," ती म्हणाली. हे असं, इथं सांगायचं नव्हतं तिला. "करारात. वर्षभर."

त्यानं हेल्मेट काखेत धरलं. मग मान हलवली. "जायलाच हवं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "शुक्रवारी नमाजनंतर तुमच्या घरी आलो तर चालेल? अम्मींना भेटायला."

"कशासाठी?"

"ते... त्यांनाच सांगतो."

शुक्रवारी तो आला. इस्त्रीचा कुर्ता, हातात खजुरांचा डबा. अम्मीनं गाव विचारलं, नानांचं नाव विचारलं, मोठ्या भावाची बायको कुठली ते विचारलं, आणि जिक्राला चहा करायला आत पिटाळलं. स्वयंपाकघराचं दार मात्र उघडंच ठेवलं.

"माझ्या पोरीचं डोकं सदा त्या डोंगरात," अम्मी म्हणत होती. "तुला चालेल?"

"खाला," मुदस्सिर म्हणाला आणि थांबला. जिक्रानं गॅस बारीक केला. "पहिल्या दिवशी ती त्या दगडाशी बोलत होती. हळूच, कुणी ऐकत नाही असं समजून. मी मागे उभा होतो. मला वाटलं... अशा बाईच्या घरात कुणाचंच काही वाया जाणार नाही. माझ्या नानांचंसुद्धा. त्या दिवसापासून मी दगडाकडे कमीच बघतोय."

 आत चहा उतू गेला.

जिक्रा ट्रे घेऊन आली तेव्हा अम्मी "खारी कुठे ठेवली मी," असं म्हणत मुद्दाम उठून गेली होती. तिनं कप त्याच्या पुढे ठेवला. वर बघायचा धीर होईना.

"वर्षभर थांबावं लागेल," ती म्हणाली.

"हो."

"मध्ये तिकडे यावं लागेल. तो डोंगर बघायला. माझ्या एकटीच्या डोळ्यांत नाही मावणार तो."

"जूनची सुट्टी टाकलीय मी."

तिनं मान वर केली. "मला विचारायच्या आधीच?"

"तू नाही म्हणाली असतीस," मुदस्सिर म्हणाला, "तर डोंगर तरी बघितला असता."

जिक्रा हसली. आणि त्या हसण्यातच त्याला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं.