रिकामं जहाज

सावखाडीच्या शेडमध्ये मासळीचा लिलाव आटोपला, फरशी धुतली गेली आणि तिच्यावर समुद्र पसरला. आता त्याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. छतावरच्या यंत्रांतून उतरणारा हा उजेडाचा समुद्र म्हणजे 'प्रतिसागर'. पाणी कसं वागतं ते संगणकाला पक्कं ठाऊक, आणि फरशीला वर बसलेल्याचं वजन कळायचं. कोळणी टोपल्या घेऊन त्यातून खुशाल ये-जा करायच्या.

त्या समुद्रात हजार वर्षांपूर्वीची युद्धनौका पुन्हा कलंडली.

"झालं," तपासणीला आलेले बेहेरे साहेब म्हणाले. खाडीच्या गाळातून निघालेली फळी न् फळी जुळवून केतकी नाखवाने हे जहाज संगणकात उभं केलं होतं. "बाई, तरंगत नाही ते जहाज कसलं? दोन वेगळ्या जहाजांच्या फळ्या जोडल्यात तुम्ही. उत्खननाचा खड्डा बुजवायच्या आदेशावर सही करून मी निघतो."

जहाजाचा नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा भाग अजून गाळातच होता. तो आता कायमचा गेला असता.

ती लिलावाच्या बाकावर मटकन बसली. वर्षानुवर्षं बसून बसून कोळणींनी त्या बाकाला खळगे पाडले होते. दुसऱ्याच क्षणी ती ताडकन उठली. जहाजाच्या तळाशीही असेच खळगे होते की! संगणकाने ते कुजल्याच्या खुणा समजून बुजवले आणि हिने मान डोलावली. कोळ्याची पोर, आणि होडीतली माणसंच विसरली. हद्द झाली.

"लढाऊ जहाजात माल नसतो, साहेब. वल्हेकरी हेच त्याचं वजन," संगणकातले खळगे मोकळे करत ती म्हणाली आणि कोळणींकडे वळली. "धाकूमावशी, सगळ्यांना घेऊन जहाजात बसता का?"

"लढाईला चाललो काय गं?" म्हणत धाकूमावशीने पदर खोचला. हसत-खिदळत एकेक जण खळग्यात बसत गेली, तसतसं जहाज पाण्यात दबलं, सावरलं. डावीकडचा एकच खळगा रिकामा राहिला आणि जहाज उजवीकडे झुकायला लागलं.

"साहेब, बघता काय? बसा," धाकूमावशीने फर्मावलं.

बूट काढून साहेब मांडी घालून बसले. जहाज सरळ झालं. बायकांनी हवेत वल्ही मारली, भिंतीवरचा किनारा मागे सरकू लागला. केतकीला इतका आनंद झाला की तिला रडूच फुटलं.

"साहेब," डोळे पुसत ती म्हणाली, "उठताय ना? सही राहिलीये."

बेहेरे साहेब जागचे हलले नाहीत. "मी उठलो तर या सगळ्या बुडतील, त्याचं काय?"